हिरसुटा की फ्लेक्सुओसा? बागेतल्या दोन रानक्रेस नीट ओळखूया

कोरांटी

यूके-युरोपात बाग करणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. विषय अक्षरशः पायाखालचा आहे: बिटरक्रेस. फेब्रुवारीत बाकी वाफे अजून काळेभोर असताना फरशीच्या फटीत, कुंडीच्या कडेला, नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीत एक हिरवीगार चकती पसरलेली दिसते ना, तीच. गोलसर पर्णिका जोडीजोडीने, टोकाची पर्णिका जरा मोठी. मग मधून दांडा वर येतो, त्याला तीन-चार मिलिमीटरची पांढरी फुलं, आणि बघता बघता काडीसारख्या उभ्या शेंगा. हात लागला की तडतडून बिया तोंडावर उडतात.

बहुतेक जण हिला 'हेअरी बिटरक्रेस' म्हणून मोकळे होतात. पण या नावाखाली आपण दोन वेगळ्या वनस्पती एकत्र ढकलतो: कार्डामिनी हिरसुटा आणि कार्डामिनी फ्लेक्सुओसा. दुसरीला इथे 'वेव्ही' किंवा 'वूड बिटरक्रेस' म्हणतात. दोन्ही मोहरीच्या कुळातल्या, दोन्ही इथल्याच, दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींच्या शेंगा फुटतात.

माझ्याकडे लीड्सजवळ घरामागे उतारावर बाग आहे. वरच्या कोरड्या बाजूला, खडीत, ठेंगणी सरळ झाडं येतात. खाली पावसाचं पाणी साचतं तिथे, नेच्यांच्या सावलीत, उंच आणि विस्कटलेली येतात. पाठ्यपुस्तकाप्रमाणे वरची हिरसुटा आणि खालची फ्लेक्सुओसा असायला हवी. पण मधल्या पट्ट्यातली झाडं दोन्हीकडची वाटतात. जागेवरून ठरवणं मला पटत नाही. झाड हातात घेऊन खात्रीने सांगता येईल असं काय बघायचं? जाणकारांनी लिहावं, सविस्तर लिहिलंत तर फार बरं.

दवबिंदू

वाचतेय. आमच्या कुंड्यांमध्येही हीच आहे, वर्षभर.

भिंगवाला

छान विषय, कोरांटीताई. ब्रिस्टलच्या आसपास बऱ्याच वर्षांपासून या दोघींकडे बघत आलोय, त्यामुळे लांब लिहितो.

आधी पुंकेसर मोजा. मोहरीच्या कुळात साधारणपणे सहा पुंकेसर असतात, चार लांब आणि बाजूचे दोन आखूड. फ्लेक्सुओसामध्ये हे सहाच्या सहा मिळतात. हिरसुटामध्ये बाजूचे दोन बहुधा तयारच होत नाहीत, चारच राहतात. नुसत्या डोळ्यांनी हे दिसणार नाही. दहापटीचं भिंग घ्या, नुकतं उमललेलं फूल देठासकट खुडून काळ्या कागदावर ठेवा आणि टाचणीच्या टोकाने एकेक पाकळी बाहेर वळवा. मध्ये हिरवा, उभट स्त्रीकेसर दिसेल. त्याला चिकटून पिवळसर परागकोश असतात. बाजूचे आखूड दोन थोडे खाली, संदलांच्या (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांच्या) खोबणीत बसलेले असतात, म्हणून फूल गोल फिरवत बघायचं. जुनं फूल घेऊ नका, शेंग वाढायला लागली की परागकोश गळतात आणि मोजणी चुकते.

एका फुलावर निकाल देऊ नये. हिरसुटात अधूनमधून पाच किंवा सहा पुंकेसरही सापडतात. एका झाडाची निदान पाच-सहा फुलं बघावीत आणि शेजारचं झाडही तपासावं.

त्यानंतर खोड. हिरसुटाचं खोड बऱ्यापैकी सरळ उभं राहतं आणि त्यावर पानं मोजकीच, बहुतेकदा चारच्या आत. तिची सगळी श्रीमंती तळाच्या चकतीत असते, आणि ती चकती फुलं आल्यावरही टिकून राहते. फ्लेक्सुओसाचं खोड प्रत्येक पानापाशी किंचित दिशा बदलत नागमोडी वर जातं, त्यावर चारपासून दहापर्यंत पानं असतात, आणि तळाची चकती विरळ, विस्कटलेली. उंचीला हिरसुटा तीस सेंटीमीटरच्या आत राहते, फ्लेक्सुओसा पन्नासपर्यंत जाऊ शकते.

लव कुठे आहे तेही बघा, आणि इथे इंग्रजी नावावर अजिबात जाऊ नका. खोडावर भरपूर लव असेल तर ती फ्लेक्सुओसा असण्याची शक्यता जास्त. हिरसुटाचं खोड जवळपास गुळगुळीत असतं, तिची लव पानांवर आणि पानांच्या देठांच्या कडांना असते.

शेंगांची ठेवण मला लांबूनही उपयोगी पडते. हिरसुटाच्या शेंगा खोडाला लागून ताठ उभ्या राहतात आणि वरच्या फुलांच्याही पुष्कळ वर जातात, इतक्या की फुलं शेंगांच्या कुंपणात अडकल्यासारखी दिसतात. फ्लेक्सुओसाच्या शेंगा जरा बाहेर कललेल्या असतात आणि फुलांच्या फारशा वर जात नाहीत.

हे चारही मुद्दे एकत्र घेतले तर मधल्या पट्ट्यातली बहुतेक झाडं सुटतील. यातला एकच मुद्दा धरून बसलं की घोळ होतो.

मळेकरी

जबरदस्त माहिती, भिंगवाला दादा. पण व्यवहारातला प्रश्न विचारतो. माझा अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा) आहे, तिथे दोन्ही तणंच. उपटून टाकायचीच आहेत तर नाव कळून काय फरक पडतो?

भिंगवाला

पडतो, मळेकरी. दोघींचं वेळापत्रक वेगळं आहे. हिरसुटा एका हंगामाची. बहुतेक बिया शरद ऋतूत रुजतात, चकती हिवाळा काढते, आणि वसंताच्या सुरुवातीलाच, बाकीची झाडं जागी व्हायच्या आत, फुलून बिया टाकून मोकळी होते. परिस्थिती चांगली असेल तर त्याच वर्षी दुसरी पिढीही येते. म्हणजे तिच्यासाठी खुरपणी हवी ती नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, चकती असताना. एप्रिलमध्ये खुरपं घेऊन उतरलात तर उशीर झालेला असतो, तुम्हीच धक्का लावून बिया पसरवता.

फ्लेक्सुओसा साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत फुलत राहते आणि एका वर्षात संपेलच असं नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा उभी राहू शकते. तिच्या बाबतीत मुळासकट काढणं आणि जागेचा ओलावा कमी करणं दोन्ही लागतं. निचरा सुधारला की तिचा जोर ओसरतो. कोरड्या खडीतली हिरसुटा निचऱ्याला भीक घालत नाही.

आणि कुंडीतलं रोप विकत आणलं की वरचा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मातीचा थर काढून टाका. दोन्हींचा प्रवास सर्वात जास्त नर्सरीच्या कुंड्यांतूनच होतो.

मळेकरी

हे उपयोगाचं आहे. मी आतापर्यंत मार्चअखेरीस सुरुवात करायचो. यंदा नाताळाच्या सुट्टीतच एक फेरी मारतो. धन्यवाद.

आंबाडी

कोरांटीताई, मधल्या पट्ट्यातली झाडं दोन्हीकडची का वाटतात, याला फार सुंदर कारण आहे. मी जर्मनीत कोलोनला वनस्पतिशास्त्र शिकतेय आणि हिरसुटा इथे प्रयोगशाळेतली लाडकी वनस्पती आहे, त्यामुळे राहवलं नाही.

फ्लेक्सुओसा ही हिरसुटाची बहीण नाही, लेक आहे. हिरसुटाच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, फ्लेक्सुओसाच्या पेशीत ३२. या ३२ पैकी अर्धी हिरसुटाकडून आलेली आहेत आणि अर्धी कार्डामिनी अमारा नावाच्या तिसऱ्या प्रजातीकडून. अमारा म्हणजे इथल्या ओढ्याकाठी, झऱ्याच्या चिखलात वाढणारी मोठी बिटरक्रेस, जिचे परागकोश जांभळे असतात. कधीतरी या दोघींचा संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि एक नवीन, बीज धरणारी प्रजाती उभी राहिली. चेक आणि स्लोव्हाक संशोधकांनी २०१४ मध्ये गुणसूत्रं रंगवून हे दाखवलं. दोन्ही आईबापांचे संच फ्लेक्सुओसात अजूनही जवळपास जसेच्या तसे ओळखू येतात.

आता तुमच्या उताराकडे बघा. अमारा पाण्यात पाय ठेवून राहते, हिरसुटा कोरड्यात. झुरिकच्या विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये तिघींना कोरडेपणा आणि पाण्याखाली बुडणं अशा दोन्ही ताणांखाली तपासलं. कोणती जनुकं चालू होतात, कोणती बंद, हे पाहिलं. फ्लेक्सुओसाने कोरडेपणात हिरसुटासारखा आणि पाण्यात अमारासारखा प्रतिसाद दिला, फक्त दोन्हीकडे थोडा सौम्य. म्हणून टोकाच्या जागी ती आईबापांइतकी तरबेज नसेल, पण ओलावा आज आहे उद्या नाही अशा मधल्या जागा तिच्याच. तुमचा मधला पट्टा नेमका तसा आहे.

त्यामुळे जागेवरून ठरवायचं नाही हा तुमचा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे. फ्लेक्सुओसा हिरसुटाच्या घरात राहू शकते.

कोरांटी

आंबाडी, अंगावर काटा आला वाचून. ओढ्याकाठची जांभळ्या परागकोशांची क्रेस मी इथे एका ओढ्यावर पाहिली आहे आणि तिचा माझ्या बागेतल्या तणाशी असा संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं. आईबाप दोघेही चालण्याच्या अंतरावर आहेत म्हणजे.

प्रयोगशाळेत हिरसुटाच का घेतात? इतक्या वनस्पती असताना?

आंबाडी

कारण ती अॅराबिडॉप्सिसची जवळची नातेवाईक आहे. अॅराबिडॉप्सिस थालियाना म्हणजे वनस्पतिशास्त्रातली सर्वात अभ्यासलेली वनस्पती, तीही एक रानक्रेसच, 'थेल क्रेस'. तिची पानं साधी, अखंड. हिरसुटाची पानं पर्णिकांमध्ये विभागलेली. तिच्या शेंगा वाळून मुकाट उघडतात, हिरसुटाच्या फुटतात. दोघींची जनुकं शेजारी ठेवली की हा फरक नेमका कशाने झाला ते शोधता येतं. पानांच्या बाबतीत ते सापडलंही: २०१४ मध्ये आरसीओ नावाचं एक जनुक हिरसुटात मिळालं, जे पर्णिकांच्या मधल्या जागेतली वाढ रोखून धरतं. अॅराबिडॉप्सिसच्या वंशात हे जनुक हरवलेलं आहे. हिरसुटातलं जनुक तिच्यात घातलं तर तिच्या पानांच्या कडा पुन्हा खाचदार होतात. हिरसुटाचा संपूर्ण जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेंगेचं काम तर इथेच, कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत, अँजेला हे यांच्या गटात झालं. तेही २०१६ चं. आपल्याकडे तेरड्याची बोंडं फुटतात ती सगळ्यांनी लहानपणी फोडलेली असतात. ही शेंगही तशीच हिरवी, रसरशीत असतानाच फुटते, वाळण्याची वाट बघत नाही. शेंगेच्या सालीच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत पाण्याचा दाब असतो. त्या पेशींची रचना अशी की फुगल्या की जाडीला वाढतात आणि लांबीला आखडतात. म्हणजे साल आखडायला बघते, पण आतल्या बाजूला लिग्निनचा कडक थर तिला धरून ठेवतो. हा थर प्रत्येक पेशीत एकाच बाजूला, बिजागरीसारखी घडी घालून बसवलेला असतो. सुताराची स्टीलची टेप आठवा: आडवी पन्हळ असते तोवर ती ताठ राहते, पन्हळ सपाट झाली की झटकन गुंडाळते. शेंगेची साल तशीच पन्हळीची असते. बिजागऱ्या उघडल्या, साल सपाट झाली की क्षणात गुंडाळत वर जाते आणि बियांना सोबत फेकते. हे सगळं सेकंदाच्या काही सहस्रांश भागात संपतं. बिया मीटर-दोन मीटरवर जाऊन पडतात.

अॅराबिडॉप्सिसमध्ये हाच लिग्निनचा थर पेशीत सगळीकडे सारखा असतो. बिजागरी नाही, म्हणून स्फोट नाही.

फुटणाऱ्या शेंगा ही कार्डामिनी वंशाचीच खूण आहे, फ्लेक्सुओसाही तितकीच फोडते. त्यावरून दोघींत फरक करता येणार नाही.

दवबिंदू

स्टीलच्या टेपचं वाचून बाहेर जाऊन एक शेंग हळूच सोलून पाहिली. साल खरंच वरच्या बाजूला गुंडाळली जाते आणि मधला पांढरा पडदा उभाच राहतो. फार सुंदर दिसतं.

चुलीवरचं

इतक्या शास्त्रात स्वयंपाकघराचं कोणी बोललंच नाही! दोन्ही खाता येतात. चव मोहरी आणि हळीव यांच्या मधली, जिभेच्या टोकाला झणका. हळीव याच कुळातला, म्हणून ओळखीचं वाटतं. नावात 'बिटर' असलं तरी कोवळी पानं फारशी कडू नसतात, फुलं आली की मात्र कडवटपणा चढतो.

मी हिवाळ्यातल्या चकत्या मुळाशी कापून आणते, तीन पाण्यांनी धुते (पर्णिकांच्या खाली वाळू अडकलेली असते), आणि दही, दाण्याचा कूट, मीठ, साखरेची चिमूट घालून कोशिंबीर करते. वरून हिंग-मोहरीची फोडणी गार करून. महत्त्वाचं: पानं वाढायच्या अगदी आधी चिरायची. चिरल्यावर पानातलं विकर आणि गंधकयुक्त द्रव्य एकत्र येऊन झणका तयार होतो, आणि तो उडून जाणारा असतो. शिजवलं तर विकर मरतं आणि झणका जातो, मग साधी पालेभाजी उरते. पीठ पेरून केली तर बरी लागते, पण माझ्या मते या भाजीचा जीव कच्च्यातच आहे.

चवीत दोघींत मला हिरसुटा जास्त तिखट वाटते. फ्लेक्सुओसाची पानं मोठी मिळतात, निवडायला सोपी.

भिंगवाला

खाण्याचा विषय निघाला म्हणून दोन गोष्टी आवर्जून लिहितो, नवीन मंडळींसाठी.

हिरसुटा आपल्या वाफ्यातली असेल तर प्रश्न नाही. फ्लेक्सुओसा मात्र ओलसर कुरणात, ओढ्याकाठी येते आणि तिथे मेंढ्या-गायी चरत असतील तर कच्ची खाऊ नये. यकृतात शिरणारा पर्णकृमी (लिव्हर फ्लूक) अशा पाणथळ जागेतल्या पाल्यावरून माणसात येतो. रानातल्या वॉटरक्रेसमुळे अशी लागण झाल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. धुऊन तो खात्रीने जात नाही. शिजवून खा.

दुसरं, त्याच ओल्या जागेत हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट असते. तीही विभागलेल्या पानांची, कोवळेपणी हिरवीगार, आणि प्राणघातक विषारी. ती कोथिंबिरीच्या कुळातली आहे, पानांना सेलरीसारखा वास येतो आणि मुळाशी गाठी असतात. बिटरक्रेसच्या पर्णिका गोलसर, आणि चुरगळल्यावर मोहरीचा वास. वासाबद्दल तिळमात्र शंका असेल तर ते पान तोंडात घालायचं नाही.

शिवाय इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानटी वनस्पती मुळासकट उपटता येत नाही. ओढ्याकाठी ओळख पटवायची असेल तर एखादं फूल खुडा, झाड राहू द्या.

सातविण

भारतातून थोडी भर घालते. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. दक्षिण भारताच्या डोंगरांत कार्डामिनी ट्रायकोकार्पा मिळते. तिची फुलं पुष्कळदा बिनपाकळ्यांची आणि शेंगांवर लव. म्हणजे हिरसुटा आणि फ्लेक्सुओसाचे मुद्दे तिला लावायला जाऊ नका.

आणखी एक. पूर्व आणि दक्षिण-पूर्व आशियातल्या भातशेतीत, रोपवाटिकांत, कुंड्यांत जी बिटरक्रेस सर्रास येते, तिला कितीतरी वर्षं सगळे फ्लेक्सुओसाच म्हणत आले. ती वेगळी निघाली. आता तिचं नाव कार्डामिनी ऑक्युल्टा. तिच्यात ६४ गुणसूत्रं आहेत, म्हणजे युरोपातल्या फ्लेक्सुओसाच्या दुप्पट. तिची पानं वरून जवळजवळ बिनलवेची, टोकाची पर्णिका बहुधा तीन खंडांची, आणि तळाची चकती फुलताना उरत नाही. कुंड्यांतल्या मातीतून आणि भातशेतीतून ती युरोपातही पोचली आहे, इटलीतल्या भाताच्या खाचरांत आहे. त्यामुळे तिकडच्या मंडळींनी गार्डन सेंटरमधून आणलेल्या कुंडीतली 'फ्लेक्सुओसा' तपासताना ही तिसरी शक्यता डोक्यात ठेवावी. आणि आपल्याकडच्या जुन्या याद्यांमध्ये जिथे जिथे फ्लेक्सुओसा लिहिलं आहे तिथले नमुने पुन्हा उघडून बघायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प आहे. काम मोठं आहे पण भिंग आणि चिकाटी एवढंच लागतं.

भिंगवाला

सातविण ताई, ऑक्युल्टाचा मुद्दा अगदी योग्य वेळी आणलात. वर मी जे लिहिलं ते इथल्या मूळच्या दोघींपुरतं धरावं.

इतिहासाची एक नोंद राहिली. हिरसुटाला नाव दिलं लिनियसने, १७५३ मध्ये. फ्लेक्सुओसाला वेगळं काढलं १७९६ मध्ये विल्यम विदरिंगने, बर्मिंगहॅमचा डॉक्टर, ज्याने डिजिटॅलिस ही औषधी वनस्पती वापरून जलोदरावर उपचार केले आणि १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं तोच. गुणसूत्रं कोणाला माहीत नव्हती त्या काळात त्याने नुसत्या निरीक्षणावर ही रेघ ओढली आणि ती पुढे गुणसूत्रांनी खरी ठरवली. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ऊन होतं म्हणून मधल्या पट्ट्यात भिंग घेऊन बसले. एक झाड अडलंय, मदत करा. तळाची चकती दाट आणि हिरवी. खोड सरळ, हाताला गुळगुळीत. खोडावर तीन पानं. शेंगा ताठ उभ्या, फुलांच्या वर गेलेल्या. पण पहिल्याच फुलात पाच पुंकेसर! दुसऱ्यात चार, तिसऱ्यात चार, चौथ्यात पुन्हा पाच. एका फुलाला पाकळ्या तीनच दिसल्या. संकर असेल का?

आंबाडी

पाकळ्यांवरून काही ठरवू नका, ताई. हिरसुटाच्या पाकळ्यांची संख्या मुळातच स्थिर नाही, शून्यापासून चारपर्यंत काहीही असू शकते आणि ऋतूप्रमाणे बदलते. एकाच झाडावर वेगवेगळी मिळते. आमच्याकडे तर त्यावरच अभ्यास चालतो.

भिंगवाला

चार आणि पाच मिसळलेले, सहा एकातही नाहीत, खोड गुळगुळीत, पानं तीन, शेंगा ताठ. ही हिरसुटा. संकराची शंका तेव्हा घ्या जेव्हा शेंगा पोकळ राहतील, बिया भरणारच नाहीत. तुमच्या झाडाच्या खालच्या शेंगा चिमटीत धरून बघा, भरलेल्या असतील तर प्रश्न मिटला.

कोरांटी

भरलेल्या आहेत. दोन तर चिमटीतच फुटल्या. त्याच्या खाली हातभर अंतरावर दुसरं झाड आहे: नागमोडी, खोडावर लव, सात पानं, पाहिलेल्या प्रत्येक फुलात सहा. दोघींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून उद्या टाकते, पुंकेसरांचे जवळून घेतलेलेही.